उजव्या पायाची फेरमोजणी

रत्नागिरी जिल्ह्यात दोन सख्ख्या भावांचं बोलणं बंद व्हायला सरासरी नऊ इंच जमीन पुरते. हा माझा सव्वीस वर्षांचा अनुभव आहे. मी सरकारी भूकरमापक आहे, म्हणजे लोक भांडतात आणि मी मोजतो. मोजून झालं की दोघे मिळून माझ्याशी भांडतात. निदान तेवढ्यापुरती तरी भावकी एक होते, हे समाधान.

तेव्हा सन दोन हजार सहामध्ये माझाच उजवा पाय डाव्यापेक्षा पाऊण इंच कमी भरला, त्यात मला दुःखापेक्षा अपमान जास्त वाटला. खुब्याचा सांधा झिजला होता. त्याआधीची चार वर्षं मी कलत, लचकत चालत होतो. शेवटच्या वर्षभरात चढाची शेतं माझ्या वाटणीतून एकेक करून कमी झाली, आणि एक दिवस साहेबांनी फार कनवाळूपणे सुचवलं की मला अभिलेख कक्षात बसता येईल. अभिलेख कक्ष म्हणजे जुने नकाशे आणि जुने कर्मचारी जिथे एकाच वाळवीच्या स्वाधीन करतात ती खोली. निवृत्तीला अडीच वर्षं होती. मला ती डोंगरावर काढायची होती, खोलीत नाही. ऑपरेशन करून खुबा बदलायचा, हे मी त्याच दुपारी ठरवलं.

ठरवलं मी, पण कसं करायचं ते आमच्या मुलाने, सलिलने, ठरवलं. तो पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याने फोनवर सांगितलं की आता हे ऑपरेशन कॉम्प्युटरच्या मदतीने होतं, आणि मुंबईचे एक डॉक्टर महिन्यातून एकदा रत्नागिरीतल्या एका खासगी हॉस्पिटलात ते मशीन गाडीत घालून घेऊन येतात. माझा कॉम्प्युटरवर विश्वास नव्हता. आमच्या कार्यालयात तो आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याने एका बागायतदाराला मयत दाखवलं होतं. तो माणूस टेबलासमोर उभा राहून तंडत होता, आणि आमचा क्लार्क स्क्रीनकडे बघत त्याला समजावत होता की तुमच्या भावना मी समजू शकतो, पण नोंद झालेली आहे.

डॉक्टर गुरुप्रसाद तेंडोलकर हे मूळचे किनाऱ्यावरच्या नाटे गावचे निघाले. त्यांचे आजोबा मचव्यावर तांडेल होते, म्हणजे गलबत हाकणारे. आमच्या सौभाग्यवती उल्काने एवढ्यावरच निर्णय दिला, की ज्याच्या घराण्याने काळोखात बंदर शोधलं त्याला तुमचा खुबा सापडायला हरकत नाही.

डॉक्टरांनी मला पद्धत समजावून सांगितली. कमरेच्या आणि मांडीच्या हाडात बारीक खिळे रोवायचे, त्यांवर चमकते गोळे बसवायचे. समोर एक कॅमेरा. डॉक्टर एका टोकदार सळईने हाडांवरच्या ठरावीक खुणांना स्पर्श करणार, कॅमेरा त्या खुणा टिपणार आणि कॉम्प्युटर त्यावरून नकाशा तयार करणार. मग खुब्याची नवी वाटी किती अंशात बसते आहे आणि पाय किती लांब होतो आहे, हे जागच्या जागी आकड्यांत दिसणार. मी ऐकत राहिलो. तीन पक्क्या खुणा, समोर दुर्बीण, मध्ये नकाशा. हा माणूस एवढं शिकून आला होता आणि करत होता माझाच धंदा. खुर्चीत बसल्याबसल्या माझा त्या यंत्राबद्दलचा आकस निम्मा झाला.

उरलेला निम्मा आमचे शेजारी राजाभाऊ यांनी वाढवून पूर्ववत केला. राजाभाऊंची दोनशे कलमांची बाग आहे आणि प्रत्येक विषयावर किमान दोनशे मतं. ते म्हणाले, "बेहेरे, माझ्या मेव्हण्याचं ऑपरेशन हाताने झालं. नुसत्या डोळ्याच्या अंदाजाने. आज तो जिने चढतो. हाडाला काय कळतंय कॉम्प्युटर?" मी त्यांना म्हटलं नाही, पण या जिल्ह्यात जेवढी म्हणून अतिक्रमणं मी पाहिली ती सगळी डोळ्याच्या अंदाजाने झालेली होती, आणि अंदाज नेहमी अंदाज करणाऱ्याच्या बाजूला झुकलेला होता. खुद्द राजाभाऊंचा पश्चिमेकडचा गडगा, म्हणजे हद्दीचा दगडी बांध, हा याचा उत्तम नमुना आहे.

माझ्या ऑपरेशनकडे आणखी एका घराचं लक्ष लागलेलं होतं. आमचा बाबल्या माझ्याबरोबर सव्वीस वर्षं टेप धरतो. साखळी होती तेव्हा साखळी धरायचा. त्याची आई चिमा, हातखंब्याच्या पुढे आतल्या एका वाडीत राहते. तिचाही खुबा गेलेला. ती गणपतीपासून उभी राहिली नव्हती. घरातून अंगणात यायचं तर बसूनच सरकत येई. डॉक्टरांनी तिला तपासून यादीत घेतलं होतं. घरच्यांनी ग्रामदेवतेला कौल लावला, देवाने होकार दिला, तरी बाई हलेना. तिचं म्हणणं बाबल्याने मला जसंच्या तसं सांगितलं. "देवाचा कौल हाय, पन देवाचा खुबा कंदी झिजला न्हाय. आदी सायबांचं होऊ दे. मंग मी."

म्हणजे देवाच्या वरचं अपील माझ्या पायाकडे आलं होतं.

आता खर्चाची सरकारी मंजुरी. मी अर्जात प्रामाणिकपणे लिहिलं, 'संगणकाच्या साहाय्याने खुबा बदलणे.' हीच चूक झाली. वरच्या कार्यालयात अर्ज संगणक-खरेदीच्या टेबलावर गेला आणि दीड महिना तिथे मुक्कामाला राहिला. मग विचारणा आली, की सदर संगणक कार्यालयाच्या जडसंग्रह नोंदवहीत नोंदवला जाणार आहे काय, आणि निवृत्तीच्या वेळी अर्जदार तो परत जमा करील काय. मी खुलासा पाठवला, की संगणक डॉक्टर परत घेऊन जातील, माझ्या अंगात फक्त एक वाटी आणि एक दांडा राहील. त्यावर वाटी व दांडा जमा करण्याबाबत अर्जदाराचं म्हणणं काय, अशी दुसरी विचारणा आली. मी लिहून दिलं की निवृत्तीच्या वेळी नाही, पण त्यानंतरच्या सोयीस्कर प्रसंगी वारस जमा करतील. मंजुरी आली. सरकारला स्पष्ट उत्तर आवडतं.

शेवटची अडचण विजेची. त्या वर्षी लोडशेडिंग वेळापत्रकाप्रमाणे होतं आणि वेळापत्रकाशिवायही होतं. अंजनवेलला एवढा थोरला वीजप्रकल्प, तोही आमच्याच जिल्ह्यात. त्यामुळे रत्नागिरीकर दिवे गेले की हलवायाच्या घरात उपास घडल्यासारखा चेहरा करतो. मी वीज कार्यालयात अर्ज देऊन आलो की पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी दहा ते एक या वेळात माझा खुबा उघडा असेल, तरी सहकार्य व्हावं. तिथल्या गृहस्थांनी तो गंभीरपणे वाचला आणि विचारलं, "खुबा कुठल्या फीडरवर आहे?"

शनिवारी मला टेबलावर घेतलं. कमरेखालचा भाग बधिर केला होता आणि वर झोप येण्याचं औषध दिलं होतं. पण कामाच्या वेळात झोपायची सवय नसलेला मी आमच्या कार्यालयात बहुधा एकटाच, त्यामुळे मधूनमधून सगळं ऐकू येत होतं. पडद्यापलीकडून डॉक्टर एकेक खूण पुकारत होते. राहवेना, म्हणून मी म्हटलं, "डॉक्टर, प्रत्येक पॉइंट दोनदा घ्या. पहिल्या वेळचा हमखास खोटा निघतो."

"दोनदाच घेतोय, काका," पलीकडून आवाज आला. "तुम्ही झोपा."

मी झोपणार तोच दिवे गेले.

जनरेटर सुरू व्हायला अर्धं मिनिट लागलं. कॉम्प्युटर बॅटरीवर होता, तो चालूच राहिला. कॅमेरा मात्र डोळे मिटून बसला होता. तो उठल्यावर डॉक्टरांनी घाई न करता सगळ्या खुणा पहिल्यापासून पुन्हा घेतल्या आणि आधीच्या आकड्यांशी ताडून पाहिल्या. आज मला त्या माणसाचा तो सावकाशपणा आठवला की हात जोडावेसे वाटतात. त्या वेळी मात्र माझ्या बधिर डोक्यात एवढंच नोंदलं गेलं, की ऐन मोजणीत दिवे गेले.

दुसऱ्या दिवशी मला कॉम्प्युटरने छापलेला एक कागद मिळाला. त्यावर माझ्या कमरेचा नकाशा होता, वाटीचे अंश होते, आणि खाली लिहिलं होतं की दोन पायांच्या लांबीतला फरक दोन मिलिमीटर. मोजणी झाल्यावर आम्ही जमीनमालकाला नकाशाची प्रत देतो, तशी ही माझी प्रत. मी ती छातीशी धरली. मग वॉकर धरून पहिल्यांदा उभा राहिलो. उजवा पाय लांब झाला होता.

लांब म्हणजे चांगला अर्धा इंच. पाऊल टाकलं की उजवी बाजू पायरीवर चढल्यासारखी वर जायची. मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, असं वाटतं, व्यायाम करा, दोनतीन महिन्यांत जाईल. 'वाटतं' हा शब्द मला लागला. सव्वीस वर्षं लोकांना मी हेच सांगत आलो होतो, की तुम्हाला जमीन कमी झाल्यासारखी वाटते. ते माझ्याकडे कोणत्या नजरेने बघायचे, ते आता माझ्या डोळ्यांना आतून कळलं.

घरी आल्यावर बघायला माणसं येऊ लागली. कोकणात आजारी माणसाला भेटायला येणारा रिकाम्या हाताने येत नाही आणि रिकाम्या कानाने जात नाही. मी प्रत्येकाला दिवे कसे गेले ते सांगायचो, मग उभा राहून अर्धा इंच दाखवायचो. राजाभाऊ रोज यायचे आणि "मी म्हटलंच होतं" हे वाक्य निरनिराळ्या ठिकाणी जोर देऊन म्हणायचे. आठवड्याभरात माझा पाय गोखले नाक्यावरून निघून मांडवीपर्यंत पोचला, आणि वाटेत तो दोन इंच झाला. वेदना चार वर्षांत पहिल्यांदा पूर्ण थांबलेल्या आहेत, हे मात्र मी कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलं नाही, आणि मलाही, खरं सांगायचं तर, लक्षात आलं नव्हतं. दुखणं असताना आपण त्याची दर तासाला नोंद घेतो, गेल्यावर पोचपावतीसुद्धा देत नाही.

एका सकाळी बाबल्या आला. बसला नाही. टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आय नाय म्हनते."

डॉक्टर पुढच्या खेपेला मशीन आणणार होते ते चार पेशंट होते म्हणून. त्यातल्या तिघांनी माझ्या पायाची कीर्ती ऐकून नावं काढली होती, आणि चौथी चिमा. पेशंटच नाहीत म्हटल्यावर एवढ्यात मशीन येणं नाही. मी त्याला काय म्हणावं? मी म्हटलं, "शहाणी आहे तुझी आई." आज हे लिहायची लाज वाटते, पण म्हटलं होतं.  उल्काने आतून चहा आणला तो त्याने उभ्यानेच प्यायला.

तो गेल्यावर मी डॉक्टरांच्या नावाने फेरमोजणीचा अर्ज लिहायला घेतला. पण अर्जाला आधार हवा, म्हणून आधी घरीच रीतसर मोजणी करायचं ठरवलं. रीतसर म्हणजे रीतसर. लगतचे कब्जेदार या नात्याने राजाभाऊंना आणि वरच्या मजल्यावरच्या आनंदीबाईंना नोटीस दिली. बाबल्याला टेप घेऊन बोलावलं. रविवारी सकाळी ओटीवर सतरंजी घालून मी आडवा झालो. लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडला होता, आनंदीबाई हजर असल्यामुळे. मूळ खूण म्हणून मी बेंबी मुक्रर केली. ती मध्यावर आहे, दोन्ही पायांना सारखी लागू आहे आणि जन्मापासून तिच्या जागेबद्दल कोणाची हरकत आलेली नाही. बेंबीपासून घोट्याच्या हाडापर्यंत टेप धरला. डावा पाय झाला, उजवा झाला. उजवा अकरा मिलिमीटर जास्त.

राजाभाऊंनी पंचनाम्यावर सही केली, तीही पेन मागून. आनंदीबाईंनी हळहळून सांगितलं की त्यांच्या नणंदेचंही असंच झालं होतं, फक्त ते दातांचं होतं. मी डोळे मिटून आडवा होतो. आपण खरे ठरलो याचं समाधान आणि आपला पाय वाया गेला याचं दुःख, दोन्ही एकाच वेळी झालं म्हणजे माणसाचा चेहरा फार खानदानी दिसतो.

बाबल्याने टेप गुंडाळला नव्हता.

"सायब," तो म्हणाला, "आपुन आंब्याच्या झाडावरनं कंदी हद्द धरलीय?"

"नाही."

"का नाय?"

"झाड वाढतं, कलतं. खूण पक्की लागते. चिरा लागतो."

"मंग बेंबी कशावर हाय?"

 उल्का दारात उभी होती. ती म्हणाली, "चरबीवर."

सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी झाडाच्या फांदीवरून हद्द धरली नव्हती, ती स्वतःच्या पोटावर धरली.  बाबल्याने माझ्या कमरेच्या पुढच्या हाडाचं टोक बोटाने चाचपलं, दोन्ही बाजूंचं, त्यावर खडूने खूण केली आणि तिथून घोट्यापर्यंत टेप लावला. हाडापासून हाडापर्यंत. चार वेळा मोजलं. एकदा राजाभाऊंनाही टेप धरायला दिला. दोन्ही पाय सारखे. कागदावरचे ते दोन मिलिमीटर आमच्या टेपच्या जाडीत हरवून गेले.

मग बाबल्या उकिडवा बसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "गडगा चार वर्सं आत सरकून व्हता. डाक्टरांनी नेऊन मूळ जाग्यावर ठेवला. मालकाला वाटतंय भायेर ग्येला." त्याने टेप गुंडाळायला घेतला. "माजी आय बसून सरकते, सायब. अंगनाला खडी हाय."

तो एवढंच बोलला. बाकीचं मला कळलं.

त्याच संध्याकाळी मी डॉक्टरांना फोन केला, आणि मापनाची पद्धत सोडून सगळं कबूल केलं. त्यांनी पद्धतच विचारली. मी म्हटलं, बेंबीपासून. ते शांतपणे म्हणाले, की चार वर्षं लचकत चालल्यामुळे तुमची कंबर एका बाजूला वळली आहे, तिच्याबरोबर बेंबीही, म्हणून तिथून मोजलं की फरक येतोच. हाडं बरोबर आहेत. कंबर हळूहळू सरळ होईल. त्यासाठी काय करायचं ते त्या कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलं आहे. मी कागद उलटला. लिहिलेलं होतं. आयुष्यभर नकाशा बघणाऱ्या माणसाला कागदाला मागची बाजू असते याची कल्पना नसते.

व्यायाम सुरू केले. उल्का घड्याळ घेऊन समोर बसायची. तिने बालवाडीत तीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे पाय बरोबर उचलला की माझं नावाने कौतुक व्हायचं. राजाभाऊ, सांगायला आनंद वाटतो, स्वतः गोखले नाक्यावर गेले आणि बेहेऱ्यांचे पाय सारखे आहेत, मी माझ्या हाताने मोजले, असं दुकानादुकानांत सांगून आले. नावं काढलेल्यांपैकी दोघे परत आले ते राजाभाऊंमुळे. फेब्रुवारीत माझी कंबर सरळ झाली. कधी झाली ते कळलं नाही. एके सकाळी दूध आणायला गेलो आणि काठी घरीच राहिली, एवढंच.

चिमा मात्र ऐकीव माहितीवर हलणारी नव्हती. डॉक्टरांनी चढ चढायला परवानगी दिली त्या रविवारी राजाभाऊंनी आपली जीप दिली, डिझेल भरून दिली, आणि बाबल्या, उल्का आणि मी निघालो. रस्ता संपतो तिथून वाडीपर्यंत अर्धा कोस चढणीची पायवाट आहे. काजूला मोहोर होता. मी काठी घेतली होती, पण टेकली थोडीच. सावकाश चढलो, दोनदा थांबलो, एकदा उल्कासाठी.

चिमा अंगणाच्या कडेला भिंतीला टेकून बसली होती. तिच्या खाली पोत्याचा तुकडा होता, आणि घरापासून तिथपर्यंत जमिनीवर तो सरकत आल्याची रेघ. तिने रामराम घेतला, खुशाली विचारली नाही. हाताने खूण केली, की चाला. मी अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. तिने पुन्हा खूण केली. परत चाललो. बाजारात बैल बघतात तसं ती माझ्या पायांकडे बघत होती, आणि वाडीतली दहाबारा माणसं तिच्याकडे. माझी परीक्षा घेणारे अनेक साहेब मी पाहिले. एवढं घाबरून मी कोणासमोर चाललो नव्हतो.

ती उल्काकडे वळली. "घरात पन ह्ये आसंच चालतात, का आज माज्यासाटी?"

"घरात काम सांगितलं तर लंगडतात," उल्का म्हणाली. "एरवी असेच."

मग तिने मला जवळ बोलावलं. मी काठी टेकून वाकलो. म्हटलं, "आजी, चूक माझी होती. डॉक्टरांनी बरोबर केलं होतं. मी उगाच गावभर बोललो. आणि दुखत नाही. पहिल्या दिवसापासून दुखत नाही."

"ह्ये आदी बोलाचं व्हतं," ती म्हणाली.

जरा वेळ ती पोत्याचा धागा उसवत बसली. मग बाबल्याला म्हणाली, "माजं नाव घाल. पन मागनं मोजायचं झालं तर तू मोज. सायबांस नको."

वाडी हसली. मीही हसलो, आणि मग मला हसता येईना, म्हणून काजूच्या झाडाकडे बघत राहिलो. उल्काने पाण्याचा तांब्या पुढे केला. डॉक्टर, वीज कार्यालयातले ते गृहस्थ, जडसंग्रह नोंदवही सांभाळणारा तो अज्ञात कारकून, राजाभाऊ, सगळ्यांच्या पाया पडावंसं वाटलं. नव्या खुब्याला तेवढं वाकणं मना आहे, म्हणून इथे लिहितो.

उतरताना पुढे बाबल्या, त्याच्या मागे उल्का, शेवटी मी. गेली चार वर्षं कुठल्याही उतारावर तो दर दहा पावलांना थांबून मागे बघायचा, मी येतोय की पडलोय ते. मी दर वेळी चिडायचो आणि दर वेळी तो बघायचा. त्या दिवशी तो उल्काला आईला कोणत्या वाटेने खाली आणायचं, डोली करायची की खुर्चीला बांबू बांधायचे, ते सांगत उतरत होता. खालचा ओढा आला, जीप दिसली, तरी त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.